अर्धा सूर वर

किल्लीमामा कुणाचेच मामा नव्हते. त्यांना ना बहीण, ना भाचरं. पण आमच्या बँडमध्ये आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ड्रमरने त्यांना हे नाव चिकटवलं, कारण पियानोच्या तारा पिळायची लाकडी मुठीची किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम असायची. आमच्याकडे पियानो नव्हता, तरी असायची. "असू दे हो, जड नाही," म्हणायचे. चांगली अर्ध्या किलोची होती ती, कोटाचा तो भाग कायम खाली लोंबायचा.

मी व्हॅन चालवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण बँडबरोबर सात वर्षं हिंडले म्हटलं की लोक विचारतात, गायचात का, नाचायचात का. नाही बाबा. मी गाडी चालवायचे, डबे आणायचे आणि चार दांडग्या पुरुषांना सकाळी अंथरुणातून ओढून काढायचे. त्यातला गाणारा हा माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा असा काही रडला की समोरच्या घरातली माणसं धावत आली. तेव्हापासून घरात त्याचं नाव भोंगा, आणि पुढे त्या भोंग्यावरच आमची चार घरं चालली.

मामा आमच्याकडे आले ते रेकॉर्ड निघाल्यानंतर. त्या रेकॉर्डचं नाव 'उरलेला मोजा'. नाव कसं पडलं ते सांगते. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्याचा तिसरा मजला दोन महिन्यांसाठी घेतला होता. तिथे एका कोपऱ्यात पोतंभर मोजे पडलेले, एकाचीही जोडी जमत नव्हती. आमच्या लोकांनी ते मोजे भिंतींना खिळ्यांनी ठोकले, म्हणे आवाज घुमत नाही. टेपचं मोठं मशीन गिटारवाल्या लांब्याने कुठूनतरी आणलं. कपाटाएवढं होतं, चार जणांनी जिन्यावरून चढवलं आणि पाचवी मी, मागून शिव्या घालत. तिथेच गाणी लिहिली, तिथेच टेपवर घेतली, आणि मग टेपची खोकी उचलून शहरातल्या एका चांगल्या स्टुडिओत नेऊन सगळं नीट जुळवून घेतलं.

रेकॉर्ड चालली. चालली म्हणजे काय, सुटलीच! दहा गाणी होती, त्यातली चार तर लोकांनी डोक्यावर घेतली. भोंग्याचा आवाज त्या चार गाण्यांत असा काही लखलखीत लागला होता की मीही ऐकून चाट पडले. आपलाच भाऊ, आपल्याच घरात वाढलेला, आणि आवाज विशीतल्या पोरासारखा. आम्हाला वाटलं, चांगल्या स्टुडिओची करामत. पैसे मोजले ते फुकट नाही गेले.

मग दौरा ठरला आणि लांब्या म्हणाला, "आता सूर लावायला स्वतंत्र माणूस पाहिजे. लोकांनी रेकॉर्ड पाठ केलीय, तस्संच वाजलं पाहिजे." तेव्हा कुणीतरी मामांचं नाव सुचवलं. तीस वर्षं शाळांचे आणि सभागृहांचे पियानो लावत हिंडलेला माणूस. पण शाळांनी विजेवरच्या पेट्या घेतल्या, त्या काही लावाव्या लागत नाहीत, आणि मामा घरी बसले. सायकलच्या दुकानावर एक खोली होती त्यांची. त्यात एक पलंग, एक स्टोव्ह, रेकॉर्ड लावायचं एक जुनं यंत्र आणि कुणीतरी टाकून दिलेला अर्धा पियानो. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा, डावीकडचा.

मी त्यांना आणायला गेले तेव्हा लांब्याने जे सांगितलं होतं तेच सांगितलं. "मामा, रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे. तंतोतंत."

"तंतोतंत," ते म्हणाले. बस्स. किती शो, कुठे जायचं, झोपायला काय, पगार किती, एक अक्षर विचारलं नाही. कोट घातला आणि गाडीत येऊन बसले.

हा न विचारण्याचा त्यांचा स्वभाव मला पुढे फार जाच झाला, म्हणून तो कुठून आला तेही ऐका. बाविसाव्या वर्षी ते एका उस्तादाच्या हाताखाली शिकत होते. एका हॉटेलवाल्याला आपला पियानो नेहमीपेक्षा थोडा चढा लावून हवा होता. मामांनी भाबडेपणाने विचारलं, "का हो?" हॉटेलवाला भडकला आणि ते गिऱ्हाईक गेलं. उस्तादाने मामांना बाहेर पायरीवर बसवून सांगितलं, की आपण सूर लावणारे, गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यायचं, का म्हणून विचारायचं नाही. मामांनी ते असं काही मनावर घेतलं की बोलायची सोय नाही. एका घरी म्हणे नवराबायकोचं जुंपलं होतं, ताटल्या उडत होत्या, आणि हे आपले मधल्या खोलीत पियानो लावतायत. लावला, किल्ली पुसली, "येतो," म्हणाले आणि निघाले. मी विचारलं, "भांडण कशावरून होतं?" तर म्हणाले, "ते कसं विचारणार?"

कामाला मात्र माणूस सोनं. शोच्या तीन तास आधी ते रंगमंचाच्या मागे एका उलट्या खोक्यावर बसत. त्यांच्याकडे एक स्टीलचा चिमटा होता, दोन पायांचा. तो गुडघ्यावर आपटला की एकच सूर निघतो, कधी बदलत नाही. तो जबड्याच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि मग तारेला हात घालायचे. त्या वेळी हॉलला आग लागली असती तरी आधी तार पूर्ण झाली असती. दर गिटारीला त्यांनी एक चिठ्ठी बांधली होती. लांब्याला चार गाण्यांसाठी लाल गिटार द्यायची, बाकीच्यांसाठी काळी, तसंच बासवाल्याचंही. लांब्याला वाटायचं लाल गिटारचा आवाज त्या गाण्यांना शोभतो म्हणून मामा ती देतात. तो हात पुढे करायचा आणि गिटार हातात यायची. राजेशाही थाट नुसता! आपण काय वाजवतोय याची चौकशी करायची गरजच उरली नव्हती.

दौरा दीड वर्ष चालला. पहिले दोन-तीन महिने सगळं झकास. मग भोंग्याचं बिनसायला लागलं.

आधी नुसता घसा बसायचा. त्या चार गाण्यांनंतर तो मागे यायचा तो लाल होऊन, मानेच्या शिरा तटतटलेल्या. गरम पाणी, मध, वाफ, सगळं झालं. मग एकदा वरच्या ओळीवर आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मुद्दाम केलं. पण तो परत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी ही ओळ कारखान्यात सिगारेट ओढत ओढत गायलो होतो."

"मग सिगारेट सोडलीस म्हणून असेल," मी म्हटलं. मला काय माहीत! चेष्टा करून वेळ मारून न्यायची सवय.

ड्रमरलाही त्या गाण्यांत धाप लागायची. लांब्याच्या लाल गिटारीच्या तारा सारख्या तुटायच्या. सगळे म्हणायचे, वय झालं राव आपलं. चाळिशी तरी कुठे आली होती कुणाची! पण भोंग्याने ते चेष्टेत घेतलं नाही. हॉटेलच्या खोलीत तो रेकॉर्ड लावून बसायचा आणि स्वतःचाच आवाज ऐकत राहायचा. एकदा चहा घेऊन गेले तर म्हणाला, "हा माणूस मला आता सापडत नाही." मी चहा ठेवला आणि काहीतरी कारण काढून बाहेर आले.

शेवटी मीच त्याला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं, घशाच्या आत सूज होती. म्हणाल्या, "ही ताणाची सूज दिसते. एरवी मी सांगितलं असतं की विश्रांती घ्या आणि झेपेल तेवढ्याच उंचीवर गा, आपोआप बसेल. ही तुमची पट्टी नाही, तुम्ही ओढूनताणून वर जाताय."

भोंगा म्हणाला, "माझीच पट्टी आहे. दोन वर्षांपूर्वी मी हेच गाणं, याच उंचीवर, हसत गायलोय. रेकॉर्ड आहे पुरावा."

बाईंनी आरसा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तसं असेल तर गोष्ट वेगळी आहे. दोन वर्षांत एवढा फरक नुसत्या ताणाने पडत नाही. सुजेखाली काहीतरी असणार. उघडून बघावं लागेल, आणि असलं तर कापावं लागेल." आवाजाचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आवाज येईल. पण हाच येईल, असं वचन मी देणार नाही."

ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं. सगळे शो रद्द. भोंगा बायको आणि चार वर्षांच्या मुलीबरोबर घरी, गळ्यात पाटी अडकवून. पोरीला वाटलं बाबा खेळतोय. ती पण गप्प राहायची, मग हसू फुटायचं तिला. त्याला हसायचीसुद्धा बंदी. मी रोज पहारा करायला जायचे, आणि ऑपरेशनच्या कागदावर साक्षीदार म्हणून सहीही मीच केली. मी मनाशी म्हटलं, जे काय आहे ते एकदा काढून टाकू दे, जगेल तर खरा. पण घरी येऊन भांडी घासताना रडले. कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशन शुक्रवारी सकाळी होतं. गुरुवारी दुपारी मी मामांच्या खोलीवर गेले, कारण गिटारी तिथेच होत्या आणि त्यांचा पगार द्यायचा होता. मामा पलंगावर लाल गिटार आडवी घेऊन बसले होते. मी पाकीट ठेवलं, ते त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. म्हणाले, "ताई, आता बरेच दिवस शो नाहीत. मग ही चार गाण्यांची गिटार उतरवून ठेवू ना? चढी ठेवली तर मान वाकते."

"उतरवून म्हणजे?"

"म्हणजे काळीसारखी. नेहमीच्या सुराला."

"ही नेहमीच्या सुराला नाहीये?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीला चाकं किती असतात असं विचारलंय. "ही अर्धा सूर वर आहे. पहिल्या दिवसापासून. त्या चार गाण्यांना रेकॉर्डवर तसंच आहे ना. बाकीची सहा माझ्या चिमट्याला बरोबर जुळतात. ही चार वर आहेत. तंतोतंत पाहिजे म्हणाला होतात तुम्ही."

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण गाडी चढावर घातली की इंजिनाचं काय होतं ते कळतं. मी हळूच विचारलं, "मामा, म्हणजे भोंग्याला त्या चार गाण्यांत अर्धा सूर वर गावं लागतं?"

"हो तर."

"ते त्याला माहीत आहे?"

"त्यांनीच तर तसं ठेवलंय. हल्लीची मुलं मुद्दाम चढंउतरं लावतात. त्यांची मर्जी."

"अहो, पण त्यांना कुणी सांगितलंय की हे वर आहे म्हणून?"

मामांनी गिटार बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्यांना माहीत नाही?"

मी खुर्चीवर बसले ती धपकन. "कोणती चार गाणी?" त्यांनी नावं सांगितली. सांगता सांगता बोटं मोजत होते, आणि त्यांच्या तिसऱ्या बोटाला माझ्या डोक्यात उजेड पडला. जनरेटरचा आठवडा! कारखान्याच्या रस्त्यावर खणताना कुणीतरी विजेची तार तोडली होती आणि आठवडाभर वीज नव्हती. आम्ही भाड्याने जनरेटर आणला होता, मीच त्याला डिझेल पाजायचे. नेमकी तीच चार गाणी त्या आठवड्यात घेतलेली.

"आणि मामा, त्या आठवड्यात भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं. विजेवरचं घड्याळ होतं. सकाळी आठला जनरेटर चालू केला की मीच ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवायचे. एकच्या ठोक्याला डबे घेऊन वर जायचे, तर ते सतरा मिनिटं मागे. रोज! हे चौघे माझ्यावर ओरडायचे, की आलीस का लवकर, गाणं अर्ध्यावर आहे. माझं घड्याळ बरोबर होतं, पण माझं ऐकतो कोण. वीज आली, पुन्हा ते घड्याळ ठीक. मी म्हटलं, मेलं घड्याळच तसलं."

मामा उभे राहिले. त्यांना मी इतक्या झटकन उठताना कधी पाहिलं नव्हतं. "पाच तासांत सतरा मिनिटं." पाकिटाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. "ते टेपचं मशीन, ताई, त्याच्या मोटरचा वेगही विजेवरच ठरत असणार, घड्याळासारखा. जनरेटर संथ चालत होता. म्हणजे घड्याळ संथ, आणि टेपही संथ. तिथल्या तिथे ऐकलं तर काही कळणार नाही, कारण ऐकतानाही मशीन संथच. पण तीच टेप शहरात नेऊन चांगल्या विजेवर लावली..."

"तर पळणार."

"पळणार आणि वर चढणार. तासाला साडेतीन मिनिटांच्या आसपास. म्हणजे अर्धा सूर. बरोब्बर अर्धा सूर."

आता इथे माझं डोकं फिरलं. मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दीड वर्ष तोंडाला कुलूप का लावलं होतंत, असं विचारलं. माझा भाऊ उद्या सकाळी गळा कापून घ्यायला निघालाय, आणि तुम्ही चिठ्ठ्या बांधत बसलात! एका शब्दाने विचारलं असतं, 'हे वर का?' एका शब्दाने! खालचा सायकलवाला जिन्यात येऊन उभा राहिला, इतकी मी ओरडले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चुकलं माझं. मला वाटलं, विचारणं बरं दिसत नाही." आणि पलंगाच्या कडेला बसले, रिकाम्या हातांकडे बघत.

मग मला आठवलं, की घड्याळ मागे पडताना पाहिलेलं माणूस मी होते. सात दिवस रोज जुळवलं, आणि एकदाही मी कुणाला विचारलं नाही की हे मागे का पडतंय. माझा आवाज आपोआप खाली आला. "उठा मामा," मी म्हटलं. "हे सिद्ध कसं करायचं ते सांगा."

ते रेकॉर्डच्या यंत्राशी गेले. त्या यंत्राला बाजूला एक लहानशी सरकती कळ होती, वेग थोडा कमीजास्त करायची. त्यांनी 'उरलेला मोजा' लावली, चिमटा गुडघ्यावर आपटला, जबड्याला धरला आणि कळ केसभर केसभर मागे ओढत नेली. एका ठिकाणी थांबले. "इथे," म्हणाले. मी दोन ओळी ऐकल्या आणि चपला शोधायला लागले.

भोंगा यायला तयार नव्हता. दारात पाटीवर लिहिलं, 'नको. उद्या झाल्यावर.' मी पाटी हिसकावून घेतली. "चल म्हणते ना! ऑपरेशन काही पळून जात नाही." त्याच्या बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचे बूट आणून दिले. गाडीत मी त्याला काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? माझं चुकत असेल तर? खोटी आशा लावून उद्या त्याला टेबलावर झोपवायचं, तेवढी हिंमत नव्हती माझ्यात.

मामांनी त्याला खुर्ची दिली. हात जोडल्यासारखे धरून उभे राहिले आणि स्वतःच सगळं सांगितलं. गिटार, घड्याळ, जनरेटर, सगळं. शेवटी म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." भोंगा नुसता ऐकत होता. मग मामांनी सुई ठेवली.

गाणं सुरू झालं. जरासं संथ, जरासं खाली. लखलखाट गेला होता. विशीतलं पोर कुठेच नव्हतं. एक पस्तिशीचा माणूस गात होता, भरदार, सावकाश, श्वास घेताना घाई नाही. वरची ओळ आली आणि तो ती सहज गाऊन गेला, पायरी चढल्यासारखी.

भोंग्याने माझ्या हातातून पाटी घेतली आणि लिहिलं, 'पुन्हा.'

मामांनी पुन्हा लावलं. वरची ओळ पुन्हा आली. भोंगा पुढे वाकला, कान अगदी स्पीकरजवळ नेला आणि वीस दिवसांनी पहिल्यांदा बोलला. खरखरीत, बारीक आवाजात.

"हा मीच आहे."

"बोलू नकोस!" मी ओरडायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला. तो माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. "ताई, हा मीच आहे. आत्ताचा मी." मामा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते.

शुक्रवारी सकाळी ठरलेल्या वेळी आम्ही गेलो, पण यंत्र काखेत मारून. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जागा करून, वायर ओढून, त्यांना दोन्ही वेगांवर गाणं ऐकवलं. बाईंनी दोनदा ऐकलं, मग त्याला खुर्चीत बसवून आरसा घातला. तीन आठवडे मुकं राहण्याने सूज जवळपास उतरली होती. "खाली काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मला कापायला काहीच नाही इथे. तुमचा घसा ठणठणीत माणसाचा आहे. ज्याला दीड वर्ष दुसऱ्याच्या उंचीवर उभं केलं होतं, अशा माणसाचा." आणखी दोन महिने विश्रांती, मग त्याच्या स्वतःच्या पट्टीत, हळूहळू, असं सांगितलं. मी सही केलेला ऑपरेशनचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते मला त्या टरकन आवाजाने कळलं.

लांब्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग कपाळावर हात मारला, मग तासभर हसत सुटला. ड्रमर एवढंच म्हणाला, "म्हणजे मी म्हातारा नाही." लाल गिटार उतरवली. पहिला शो एका मैदानावर होता, दुपारी, चार-पाच हजार माणसं. मामा नेहमीच्या खोक्यावर बसले होते, पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला गाठून विचारलं. "हे एवढंच हवंय ना? नक्की? खाली वाटत नाही ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर बासवाला वैतागला.

भोंगा चारही गाणी गायला. मी बाजूला उभी राहून त्याच्या मानेकडे बघत होते. शीर ताणली नाही. वरची ओळ आली, त्याने ती घेतली, आणि घेता घेता पुढच्या रांगेतल्या कुणालातरी बघून हसला. लोकांना काही फरक कळला नाही. एकजण तेवढा म्हणाला, की आज गाण्यात मजा आली, कशामुळे ते कळत नाही.

परतीच्या रस्त्यावर बाकीचे दुसऱ्या गाडीने गेले. माझ्या शेजारी भोंगा, मागे मामा सामानात अंग चोरून. ऊन कलत आलं होतं. भोंगा सुटला होता. रस्ता, ढाबे, पुढच्या शोची गाणी, पोरीने काढलेलं हत्तीचं चित्र, तोंडाला विराम नाही. मी चालवत होते आणि ऐकत होते. बोल बाबा, हवं तेवढं बोल.

मग मधेच त्याने खिडकीची काच वर घेतली. म्हणाला, "ताई, मुकं राहायच्या आदल्या दिवशी मी एक टेप करून ठेवली होती. कुणाला सांगितलं नाही."

"गाण्यांची?"

"नाही. पोरीसाठी. नुसत्या हाका. ऊठ. जेवायला ये. शाळेला उशीर होतोय. पडशील, सावकाश. अशा. मोठी झाल्यावर तिला कळायला नको का, बाबा हाक कशी मारायचा."

मला पुढचा रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागून मामांनी घसा खाकरला.

"एक विचारू?"

"विचारा," भोंगा म्हणाला.

"ती टेप कोणत्या मशीनवर केलीत? वेग एकदा तपासून घेऊ या."